लिबरऑफिस: बसवायला सोपं, अडतं ते फाइल सेव्ह करताना

वर्ड-एक्सेलला फुकटचा पर्याय म्हणून लिबरऑफिस सर्रास सुचवलं जातं. २०१० मध्ये ओपनऑफिस या जुन्या फुकट ऑफिस-संचापासून फुटून निघालेलं हे सॉफ्टवेअर विंडोजवर बसवणं खरंच अवघड नाही. संगणकाची फारशी सवय नसलेला माणूसही ते विनासायास बसवतो. डाउनलोड मात्र अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर त्याच गोष्टीचे पैसे मोजावे लागतात.

इन्स्टॉलरमध्ये 'टिपिकल' निवडून नेक्स्ट-नेक्स्ट केलं तरी काम होतं. मेनू मराठीत हवे असतील तर 'कस्टम'मध्ये जाऊन भाषांच्या यादीत मराठी आहे ना, ते बघून घ्या. मदतीची पानं वेगळ्या फाइलमध्ये येतात. ती बसवली नाहीत तर एफ-१ दाबल्यावर मदत नेटवरूनच घ्यावी लागते, आणि नेट नसेल तर बसा बोंबलत.

खरी गंमत पहिली फाइल सेव्ह करताना. नवी फाइल ओडीटी प्रकारात जाते, म्हणजे लिबरऑफिसच्या नेहमीच्या ओडीएफ प्रकारातली मजकुराची फाइल. ती ईमेलने पाठवली की समोरचा विचारतो, "हे कशात उघडायचं?" आलेली डॉकएक्स (वर्डची) फाइल दुरुस्त करून कंट्रोल-एस दाबलं, तर प्रोग्राम विचारतो की वर्डचाच प्रकार ठेवायचा की ओडीएफ करायचं. घाईत बरेच जण ओडीएफ दाबून मोकळे होतात, आणि मग एकाच पत्राच्या दोन प्रती फिरत राहतात. उपाय एकदाच करायचा आहे: टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल. तिथे 'ऑलवेज सेव्ह अ‍ॅज'मध्ये वर्डचा प्रकार निवडा. पण ही निवड फक्त मजकुराच्या फाइलपुरती असते. तिथल्याच 'डॉक्युमेंट टाइप'मध्ये स्प्रेडशीट आणि प्रेझेंटेशन निवडून तीच कृती पुन्हा करावी लागते. नेमकं हेच राहून जातं, आणि लोक म्हणतात सेटिंग टिकत नाही.

देवनागरीचंही असंच. रोमन आणि देवनागरी अक्षरांचे फाँट आणि आकार शैलीत (म्हणजे परिच्छेदाच्या ठरवून ठेवलेल्या रूपात, 'स्टाइल'मध्ये) वेगवेगळे नोंदलेले असतात. म्हणून इंग्रजी शब्द बारा पॉइंटचे आणि शेजारचं मराठी चौदाचं, असा प्रकार होऊ शकतो. परिच्छेदाच्या शैलीत 'फाँट' टॅब उघडून दोन्ही रकाने भरा. प्रत्येक ओळ निवडून आकार बदलत बसणं म्हणजे वेळेची नासाडी.

वर्डच्या गुंतागुंतीच्या फाइलींची मांडणी थोडीफार हलतेच. २०२३ नंतरच्या वर्डमध्ये ॲप्टॉस हा मूळ फाँट आहे. तो तुमच्या यंत्रावर नसेल तर दुसरा वापरला जातो आणि ओळी पुढच्या पानावर सरकतात. सही-शिक्क्याची कागदपत्रं पाठवताना पीडीएफच करा. ती सोय मात्र उत्तम आहे.

प्रोग्राम उघडतानाच बंद पडू लागला तर काढून पुन्हा बसवण्याचा सहसा उपयोग होत नाही, कारण जुनी सेटिंग्ज वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये (तुमची सेटिंग्ज साठवणाऱ्या वेगळ्या फोल्डरमध्ये) तशीच राहतात. त्याऐवजी स्टार्ट मेनूतून लिबरऑफिसचा 'सेफ मोड' चालू करा आणि आधी हार्डवेअर ॲक्सेलरेशन (पडद्यावरचं चित्र काढायला ग्राफिक्स कार्डाची मदत घेणं) बंद करून बघा. संपूर्ण प्रोफाइल पुसण्याचा पर्याय शेवटी ठेवा, कारण त्यात स्वतः शब्दकोशात भरलेले शब्दही जातात.