ताज्या अंजिरांची पेटी: साखरेआधी लिंबू

उन्हाळा सरता सरता झाडाच्या त्याच वर्षीच्या नव्या फांद्यांवर पिकणारी अंजिरे मला त्याआधी जुन्या फांद्यांवर येणाऱ्या पहिल्या बहरापेक्षा नेहमीच अधिक गोड आणि दाट गराची लागत आली आहेत. या दुसऱ्या बहरातल्या जांभळट-काळ्या सालीच्या अंजिरांची दोन किलोंची पेटी मी घरपोच मागवली आणि चार दिवस तिच्यातून साधेच गोड पदार्थ केले.

वरच्या थराबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. देठाजवळची मान कललेली, सालीवर बारीक उभ्या भेगा आणि बुडाच्या डोळ्याशी मधासारखा एक थेंब साकळलेला, अशी ती फळे होती. विक्रेत्याने ती झाडावर पूर्ण पिकू दिली होती, याला मी फार महत्त्व देते, कारण लवकर तोडलेले अंजीर पुढे मऊ पडते, पण त्यात गोडी भरत नाही. मात्र इतके नाजूक फळ एकावर एक तीन थरांत रचणे ही उघड चूक होती. तळाची दहा-बारा फळे चेंगरून आंबली होती आणि ती टाकून द्यावी लागली.

पहिल्या संध्याकाळी आठ अंजिरे अर्धी कापून ट्रेमध्ये मांडली. अर्ध्या फोडींवर साखर भुरभुरली. उरलेल्यांवर लिंबाचा रस, चिमटीभर मीठ आणि लोण्याचे बारीक तुकडे घातले. 200 अंश सेल्सिअसला साधारण पंधरा मिनिटांत कापलेल्या कडा काळपट झाल्या आणि ट्रेच्या तळाशी गडद लाल रस सुटून पाकासारखा दाटला. साखरेच्या फोडी पहिल्या घासाला छान लागल्या, पण दुसऱ्या-तिसऱ्या घासाला तोंडात नुसता गोडवाच उरला. लिंबाच्या फोडींना मात्र अंजिराचा स्वतःचा वास होता, थोडा पानासारखा हिरवा आणि थोडा मधाचा, आणि बियांचा कुरकुरीतपणाही वेगळा जाणवत होता. ताज्या अंजिरात 100 ग्रॅममागे सुमारे 16 ग्रॅम साखर असते आणि आंबटपणा नावापुरताच असतो. त्यामुळे या फळाला गोड करण्याची गरज नसते. त्याला कमी पडते ते आंबट, आणि त्यानंतर थोडे मीठ. पाणी निथळलेल्या घट्ट दह्याबरोबर या गरम फोडी वाढल्या, तेव्हा चार दिवसांतला सर्वांत चांगला पदार्थ पहिल्याच दिवशी जमून गेला.

दुसऱ्या दिवशीचा बेत फसला. दूध आणि साय जिलेटिनने घट्ट करून त्यात कच्च्या अंजिराच्या फोडी घातल्या, आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही पुडिंग वाटीत पातळच राहिले. अंजिराच्या चिकात फायसिन नावाचे विकर असते. ते प्रथिनांचे तुकडे करते, आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे. विकर उष्णतेने निकामी होत असल्याने पुढच्या खेपेस मी फोडी आधी शिजवून, गार करून घातल्या आणि पुडिंग व्यवस्थित लागले. फळ कच्चेच ठेवायचे असेल, तर समुद्री शेवाळापासून केलेले अगर वापरावे. त्यात प्रथिनाचा आधार नसल्याने विकराला करण्यासारखे काही राहत नाही.

शिजवण्याची माझी रीत अशी आहे: 250 मिलिलिटर पाण्यात 80 ग्रॅम साखर आणि लिंबाच्या सालीच्या दोन पट्ट्या घालून उकळी आणायची, मग अख्खी अंजिरे सोडून आच इतकी मंद करायची की पाक फक्त थरथरावा. सहा-सात मिनिटांनी सुरी सहज आत जाते. त्याहून जास्त वेळ ठेवले की साल फाटते आणि गर पाकात उतरतो. फळे बाहेर काढून पाक निम्मा आटवावा आणि गार झाल्यावर त्यात लिंबाचा रस पिळावा. गरम असताना पिळलेल्या रसाचा ताजा वास उडून जातो.

ही फळे टिकत नाहीत, हे मागवण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. न धुता, एकमेकांना टेकू न देता, एकाच थरात फ्रिजमध्ये ठेवली तरी तिसऱ्या दिवशी काहींच्या डोळ्याशी आंबूस वास येऊ लागला. म्हणून वास न लागलेली, पण फारच मऊ पडलेली पाऊण किलो फळे मी चौथ्या दिवशी 250 ग्रॅम साखर आणि दोन लिंबांच्या रसात घोटून जॅमसारखी आटवली. साखर इतकी कमी असल्याने ती बरणी फ्रिजमध्येच ठेवली आहे.

याच विक्रेत्याकडून मी पुन्हा अंजिरे घेईन, कारण फळ पिकलेले कधी तोडायचे हे त्यांना नीट कळते. फक्त एक थराची पेटी देता येईल का, हे आधी विचारून घेईन.