नव्या फोनला कव्हर घालावे की तो तसाच वापरावा?

नवा फोन घरी आल्यावर त्याला कव्हर घालावे की नाही, या एवढ्याशा प्रश्नात मी चार संध्याकाळी घालवल्या. फोन निवडायलासुद्धा इतका वेळ लागला नव्हता.

उघडा फोन पातळ राहतो, हाताला गार लागतो आणि चार्जिंगच्या वेळी त्यातील उष्णता लवकर बाहेर पडते. मात्र तो कोपऱ्यावर आपटला, तर आघाताचा सारा जोर टिचभर जागेत एकवटतो आणि काच तडकते. मऊ कव्हर त्या क्षणी दबते, थांबायला किंचित अधिक वेळ मिळतो आणि तेवढ्याने काचेवरचे बल घटते. या एका मुद्द्यावर कव्हरचे पारडे निर्विवाद जड आहे.

ओरखड्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. खिशातल्या किल्ल्यांना आपण उगाच घाबरतो, कारण त्यांचा धातू बहुधा काचेहून मऊ असतो. खरा शत्रू म्हणजे वाळूतील क्वार्ट्झ, ज्याची कठीणता मोह्सच्या श्रेणीवर (खनिजांची कठीणता 1 ते 10 अशी मोजणाऱ्या मापावर) 7 आहे. हेच कण कव्हरच्या आत शिरून, जिला जपायचे त्या पाठीलाच घासत राहतात, हे कव्हर काढून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. पारदर्शक कव्हर काही महिन्यांत पिवळे पडते, ते निराळेच.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1956 मध्ये सर्वोत्तमाऐवजी ‘पुरेसे चांगले’ निवडण्याची रीत मांडली होती. हातून वस्तू निसटण्याची सवय असलेल्या माझ्यासारख्याला कव्हर पुरेसे चांगले आहे. दर रविवारी ते काढून पुसतो.