बायोसिरॅमिक पुट्टी आणि सीलर: परळच्या क्लिनिकमधला वर्षभराचा अनुभव

रूट कॅनॉलमध्ये वापरायच्या या दोन मटेरियलचा आधी निकाल सांगते. पुट्टीला पैकीच्या पैकी. सीलरला फर्स्ट क्लास, पण डिस्टिंक्शन नाही. मागच्या उन्हाळ्यात दोन्ही एकदमच क्लिनिकमध्ये आणले आणि मुंबईचा एक अख्खा पावसाळा त्यांच्यासोबत काढला, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. सीलरच्या दोन कंपन्यांच्या सिरिंज वापरल्या. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून त्यांची नावं घेत नाही.

डेंटिस्ट नसलेल्यांसाठी थोडक्यात. रूट कॅनॉलमध्ये नस काढून मुळाच्या आतली पोकळी, म्हणजे कॅनॉल, साफ केली की तिथे गट्टा पर्चा या रबरासारख्या पदार्थाची निमुळती काडी, म्हणजे कोन, बसवतात. कोन आणि दाताची भिंत यांच्यात उरलेली फट भरतो तो सीलर. पुट्टी मळलेल्या कणकेसारखी घट्ट; तिने मुळाचं उघडं टोक किंवा दातात पडलेलं भोक बुजवतात. सीलर म्हणून आमच्या कॉलेजच्या काळात झिंक ऑक्साइड युजेनॉल होतं, लवंगेच्या वासाचं. मग इपॉक्सी रेझिन आलं आणि बरीच वर्षं तेच उत्तम मानलं गेलं. बायोसिरॅमिकचा पाया आहे कॅल्शियम सिलिकेट, म्हणजे पोर्टलँड सिमेंटमधलाच मुख्य घटक. १९९३ साली कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातून, महमूद तोराबिनेजाद यांच्या गटाकडून, एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रीगेट) या नावाने तो पहिल्यांदा शास्त्रीय नियतकालिकात आला. हे एका काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या गच्चीला मारतात तेच ना? ती तर दर जूनमध्ये गळते." काकूंना म्हटलं, दातातलं सिमेंट पाण्यावरच पक्कं होतं, काळजी करू नका.

एमटीए मी अनेक वर्षं वापरलं. गुणांबद्दल वाद नाही, पण हाताळायला ओल्या वाळूसारखं. इन्स्ट्रुमेंटवरून गळतं, नको तिथे पडतं, आणि सेट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास घेतं. शिवाय मूळच्या एमटीएमध्ये एक्स-रेवर दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड घातलेलं असतं. त्याचा कॅनॉल धुवायच्या सोडियम हायपोक्लोराइटशी संबंध आला की दात करडा-काळपट पडतो. दाढेला कोण बघतंय, पण पुढच्या दाताला हे परवडत नाही. नव्या पुट्टींमध्ये त्याच्या जागी झिर्कोनियम किंवा टँटलमची ऑक्साइडं असतात.

पुट्टी का आवडली ते एका केसवरून सांगते. मैदानात सीझन बॉलवर खेळताना पुढचा दात लहानपणी आपटलेला एक मुलगा आला, आता कॉलेजात जाणारा. दात आपटला तेव्हा मुळाची वाढ अर्धवट होती आणि नस तेव्हाच मेली, त्यामुळे मुळाचं टोक बंदच झालेलं नव्हतं. एक्स-रेमध्ये कॅनॉल खाली सरळ उघडा. अशा दातात कोन बसवायचा तर टेकणार कशावर? पूर्वी आम्ही कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून महिनोन्‌महिने थांबायचो. टोकाशी कठीण थर तयार होईपर्यंत पेशंटला परत परत बोलवायचं. तेवढ्या काळात मुळाच्या आधीच पातळ भिंती आणखी कमजोर व्हायच्या, आणि निम्मे पेशंट मध्येच गायब.

इथे पुट्टीची छोटी वळी काचेच्या स्लॅबवर वळली, प्लगरच्या (दाबायच्या दांडीच्या) टोकावर घेतली, मायक्रोस्कोपखाली खाली नेली आणि हलक्या हाताने दाबली. अशा दोन-तीन वळ्यांत ४ ते ५ मिलिमीटरचा प्लग तयार झाला. आरव्हीजी (डिजिटल एक्स-रे) घेतला तर टोकाशी पांढरी स्वच्छ पट्टी, बाहेर काही गेलेलं नाही. हेच एमटीएने करताना माझा घाम निघायचा. वर ओला कापूस, तात्पुरती फिलिंग, पुढच्या अपॉइंटमेंटला उरलेला कॅनॉल भरला. सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये टोकाभोवतीची काळी सावली बऱ्यापैकी आत आली होती.

दाढेच्या दोन मुळांमधल्या तळाला भोक पडलेल्या केसेसही येतात. तिथेही तीच गोष्ट. भोक ताजं आणि लहान असेल, रक्त थांबलं असेल, तर पुट्टी बसते आणि रक्ताळलेल्या जागीही सरकत नाही. जुनं, दूषित, हिरडीपर्यंत पोचलेलं भोक असेल तर कुठलंच मटेरियल दात वाचवत नाही, आणि हे पेशंटला खुर्चीत बसवायच्या आधी सांगावं.

आता सीलर. प्रीमिक्स सिरिंजमध्ये येतो, मिसळायची कटकट नाही, ही पहिली सोय. दुसरं म्हणजे तंत्र सोपं: नीट बसणारा एकच मोठा कोन, भोवती सीलर, संपलं. गणपतीच्या आधी आमच्याकडे "डॉक्टर, गावी जायचंय, त्याआधी दात संपवा" अशी रांग लागते. तेव्हा एकेका दाढेमागे वाचलेली मिनिटं मला खरंच कळली.

पण याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. इपॉक्सीला कॅनॉल खडखडीत कोरडा लागतो. हा मात्र दाताच्या सूक्ष्म नलिकांमधल्या ओलाव्यावर सेट होतो. सुरुवातीला माझी असिस्टंट स्लॅबवर उरलेला थेंब रोज नखाने टोकरून बघायची आणि म्हणायची, "मॅडम, हे होतच नाहीये." होणार कसं? एसीत कोरड्या काचेवर त्याला पाणी कुठून मिळणार? तोच थेंब ओल्या कापसाशेजारी डबीत झाकून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी कडक. तेव्हापासून शेवटचा पेपर पॉइंट (कॅनॉल टिपायची कागदी वात) टोकाला किंचित दमट आला तरी मी थांबते. अल्कोहोलने सुकवायची जुनी सवय पूर्ण सोडली. दिसण्याइतकं पाणी मात्र नको, आणि रक्त किंवा पू येत असेल तर त्या दिवशी भरायचंच नाही.

ओलाव्याचीच दुसरी बाजू पावसाळ्यात दिसली. एका कंपनीच्या सिरिंजचं टोपण घट्ट बसतच नाही. जुलैच्या हवेत तोंडाशी खडा तयार व्हायचा, आणि दाबल्यावर आधी काहीच नाही, मग भसकन जास्त. दर वेळी पहिला थेंब टिश्यूवर काढून टाकावा लागायचा, म्हणजे २ ग्रॅमच्या सिरिंजमधला महागडा माल कचऱ्यात. आता सुई वापरून झाली की लगेच काढतो, तोंड कोरडं पुसतो, टोपण लावून फॉइलच्या पाकिटात, आणि पाकीट सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात. फ्रिजमध्ये ठेवत नाही, बाहेर काढल्यावर त्यावर पाणी सुटतं. दुसऱ्या कंपनीच्या सिरिंजने हा त्रास दिला नाही.

हा सीलर फार पातळ वाहतो, म्हणून सुईचं टोक कॅनॉलच्या वरच्या भागातच ठेवायचं, अडकवायचं नाही, आणि थोडाच सोडायचा. कोन हळू, वरखाली करत न्यायचा. टोकाबाहेर गेलेल्या सीलरचा "पफ" एक्स-रेवर बघून खूश होणारे सहकारी मला माहीत आहेत. मटेरियल शरीराला मानवतं हे खरं, पण सेट होताना त्याचा पीएच १२ च्या आसपास, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी, असतो. खालच्या दुसऱ्या दाढेखाली जबड्याच्या नसेची नळी जवळ असते. तिथे मला पफ अजिबात नको.

"यानंतर दुखत नाही" हे डीलरचं वाक्य मी पेशंटसमोर उच्चारत नाही. इपॉक्सीशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत नंतरच्या दुखण्यात फार मोठा फरक दिसलेला नाही, आणि माझ्या क्लिनिकमधले रात्रीचे फोनही तेवढेच आहेत. दुखणं ठरतं ते आतली सफाई कशी झाली, फाइल (कॅनॉल घासायची बारीक कानस) टोकाबाहेर गेली का, चावताना दात उंच लागतो का, यावर. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) न लावता, हायपोक्लोराइट घाईने फिरवून वर भारी सीलर घालणं हा पेशंटच्या पैशाचा अपव्यय आहे.

ज्यावर फारसं कोणी बोलत नाही तो मुद्दा रिट्रीटमेंटचा, म्हणजे भरलेला दात पुन्हा उघडण्याचा. गट्टा पर्चा झायलीनमध्ये किंवा ऑरेंज ऑइलमध्ये विरघळतो. सेट झालेल्या बायोसिरॅमिकला मात्र असं कुठलंही कामाचं सॉल्व्हंट नाही. कोन टोकापर्यंत गेलेला असेल तर त्याच्या वाटेने फाइल खाली जाते, फार अडत नाही. पण कोन २ मिलिमीटर अलीकडे थांबला आणि पुढे नुसता सीलर भरला गेला, तर त्यातून वाट काढणं म्हणजे दगड फोडणं. दुसरीकडून आलेली अशी एक वाकड्या मुळाची दाढ मी अर्धी दुपार घालवूनही टोकापर्यंत उघडू शकले नाही, शेवटी सर्जरीसाठी पाठवली. म्हणून मास्टर कोनचा (टोकापर्यंत बसवायच्या मुख्य कोनचा) एक्स-रे मनासारखा आल्याशिवाय मी सिरिंजला हात लावत नाही.

बायोडेंटिनबद्दल दोन ओळी, कारण ते याच घराण्यातलं. खोल किडलेल्या दाढेत नस जिवंत ठेवायची असेल तर माझी पसंती त्यालाच. सुमारे १२ मिनिटांत सेट होतं, तेवढा वेळ पेशंट मोबाइल बघतो. कॅप्सूलमध्ये ५ थेंब घालून ३० सेकंद मशीनवर हलवावं लागतं, त्यामुळे चांदीची फिलिंग बंद केल्यावर माळ्यावर टाकलेला अमाल्गमेटर पुन्हा खाली आला. अर्धी कॅप्सूल मात्र उरवता येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर पुट्टी आणि सीलर दोन्ही जुन्या मटेरियलच्या कितीतरी पट महाग. पुट्टीचे पैसे मी वेगळे घेते आणि का ते एक्स-रे दाखवून सांगते. आजवर कोणी हुज्जत घातली नाही. सीलरचे वेगळे घेत नाही. सरळ, रुंद कॅनॉल असेल किंवा गट्टा पर्चा गरम करून भरायचा असेल तर इपॉक्सीच काढते. गरम तंत्रासाठी वेगळे बायोसिरॅमिक सीलर मिळतात, पण त्यासाठी आणखी एक सिरिंज उघडून ठेवायची माझी तयारी नाही.

पेशंटना एकच सांगणं: काम झालं की केसपेपरवर सीलर कुठला, पुट्टी भरली का, कुठे भरली, हे लिहून घ्या आणि शेवटचा एक्स-रे मोबाइलवर मागून घ्या. उद्या तुम्ही परळ सोडून बदलापूरला राहायला गेलात आणि तो दात पुन्हा उघडायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरला ही माहिती लागणार आहे.