फ्लेक्समधलं सर्च आणि फिल्टर, बरेच महिने वापरल्यावर

शब्दकोशाच्या कामासाठी फील्डवर्क्स हे सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याला सगळे फ्लेक्स म्हणतात ते, बरेच महिने रोज वापरतोय. एसआयएल या भाषांवर काम करणाऱ्या संस्थेचं आहे, फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. मी फक्त शोधाशोधीबद्दल लिहितोय, कारण माझा निम्मा वेळ तिथेच जातो.

साधं सर्च म्हणजे कंट्रोल एफ दाबायचं, शब्दाची सुरुवात टाइप करायची, खाली यादी येते, अर्थावरूनही शोधता येतं. झालं. पण यात आपल्याला काय हवंय ते आधी माहीत असावं लागतं आणि कोशाच्या कामात डोकेदुखी नेमकी जे माहीत नाही त्याची असते, ते पकडायला फिल्टरच लागतं.

नोंदींच्या यादीत प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर एक ड्रॉपडाउन असतो. त्यातला सगळ्यात साधा पर्याय ब्लँक्स, आणि मी सगळ्यात जास्त वापरतो तोही तोच. अर्थाच्या कॉलमला लावला की ज्या नोंदींना अर्थच दिलेला नाही त्या समोर. मग फिल्टर फॉर, त्यात ॲट एंड निवडून णे टाकलं की करणे, बसणे येतात, सोबत गाणे, नाणे पण येतात, शब्दजातीच्या कॉलमला क्रियापद लावलं की यादी साफ होते. पण याच्या उलटं करून बघा, णे तसंच ठेवून शब्दजात नाम करा. गाणे, नाणे ठीक आहेत, मधेच उकळणे नाम होऊन बसलेलं सापडतं, कुणीतरी घाईत चुकीची जात निवडलेली.

दोन कॉलमना फिल्टर लावले की दोन्ही अटी एकदम लागतात. हे किंवा ते असं दोन कॉलममध्ये मिळून करता येत नाही, एकाच कॉलममध्ये मात्र रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे शोधायचा नमुना ठरावीक चिन्हांनी लिहून, मधे उभी रेघ टाकून जमतं.

रेग्युलर एक्स्प्रेशन देवनागरीत वापरताना जरा जपून. टिंब म्हणजे कोणतंही एक कॅरेक्टर हे खरं, पण मात्रा हे वेगळं कॅरेक्टर असतं, म्हणजे दोन टिंबांत घर पण येतं आणि मी पण येतं, पाणीला चार लागतात.

आता ऱ्याचं प्रकरण. आमच्याकडे टाइप करणारे अनेक, त्यामुळे वाऱ्या, दऱ्या असले शब्द दोन प्रकारे आलेले, कुणी नुक्तावाला (खाली टिंब असलेला) र वापरलेला, कुणी साधा र, हलंत आणि पुढे झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडणारं पण न दिसणारं कॅरेक्टर. स्क्रीनवर अगदी सारखे. एक टाइप करून शोधलं की दुसऱ्या प्रकारचे येतच नाहीत. वर फ्लेक्स आत डेटा सुटा करून ठेवतं, म्हणजे नुक्तावाला र हा र अधिक नुक्ता असा, तेव्हा त्याचा एकसंध युनिकोड नंबर देऊन शोधलं तर हाती काहीच लागत नाही, दोन नंबर द्यावे लागतात.

दुरुस्ती बल्क एडिट, म्हणजे अनेक नोंदी एकदम बदलायची जी सोय आहे, तिच्यातल्या बल्क रिप्लेसने केली. तिथे प्रीव्ह्यू दाबलं की प्रत्येक ओळीत जुनं, बाण आणि नवं दिसतं, इथे बाणाच्या दोन्ही बाजूंना एकच शब्द दिसतो, हसू येतं पण बरोबर चाललंय याची तीच खूण! नुसता झेडडब्ल्यूजे उडवलात तर बाणापुढे वार्या असं रफार चढलेलं दिसेल, म्हणून र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे असा तिघांचा गठ्ठा एकदम बदलायचा. नको त्या ओळींची टिक काढायची, मग अप्लाय.

यादी अचानक छोटी दिसली तर डेटा गेला म्हणून घाबरू नका, आधी खाली स्टेटस बारमध्ये पिवळ्यात फिल्टर्ड लिहिलंय का बघा. नव्या माणसाचा फोन आला की मी हेच विचारतो.

मजकुरात शोधायला कॉन्कॉर्डन्स आहे, शब्दाच्या मागेपुढे काय आलंय ते ओळीने दिसतं. त्यात घर ही कोशातली नोंद शोधली तर घरी, घराला सगळं मिळतं, पण त्या मजकुरातले शब्द आधी तोडून त्यांचं विश्लेषण केलेलं असेल तरच. मजकूर नुसता पेस्ट केलेला असेल तर बेसलाइनवर, म्हणजे मूळ ओळींतच, शोधावं लागतं आणि मग घराणं पण येतं, घरघर पण येते, ते हातानेच वगळायचं.