एमबीबीएसमधील पीएसएमचे अध्यापन: एक परीक्षण

वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात सार्वजनिक आरोग्य ज्या विषयातून शिकवले जाते, त्याचे अधिकृत नाव कम्युनिटी मेडिसिन असले, तरी वसतिगृहापासून परीक्षा विभागापर्यंत सगळे त्याला पीएसएमच (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात. विदर्भातील एका महाविद्यालयात मी हा विषय शिकलो आणि आता प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून माझा बहुतेक दिवस त्याच विषयात जातो. प्रवेशाचे पर्याय भरताना पालक रुग्णालयात खाटा किती, ओपीडी किती चालते, पीजीच्या जागा किती, याची बारकाईने चौकशी करतात. पीएसएम विभाग कसा आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ते विचारावे, कारण कागदावरचा अभ्यासक्रम सगळीकडे सारखाच असला, तरी या एका विषयात दोन महाविद्यालयांमधले अंतर शल्यचिकित्सेत असते त्याहून किती तरी जास्त असते.

प्रथम वर्गातील अध्यापनाविषयी. ते, स्पष्टच सांगायचे तर, कंटाळवाणे होते. दुपारच्या जेवणानंतरचा तास, पाठ्यपुस्तकातील परिच्छेद जसेच्या तसे उतरवलेल्या स्लाइड आणि याद्याच याद्या. भोर समिती 1946, मुदलियार समिती 1962, श्रीवास्तव समिती 1975, अशी आरोग्यविषयक सरकारी समित्यांची सनावळी आम्ही तोंडपाठ केली. पण प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण मिळावे, ही शिफारस त्याच भोर अहवालात आहे आणि आपण या वर्गात बसलो आहोत त्यामागे तोच विचार आहे, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सुरू केलेले गावपातळीवरील आरोग्याचे काम आणि गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतल्यास बालमृत्यू किती घटतात, हे दाखवून देणारा बंग दांपत्याचा गडचिरोलीतील प्रयोग, या दोन्ही गोष्टी आमच्या वह्यांत एकेका ओळीत संपल्या. गडचिरोलीचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, नवजात मृत्युदरात 62 टक्के घट, हा आकडा जगभरच्या धोरणकर्त्यांना विचार करायला लावणारा ठरला, आणि आम्ही तो दोन गुणांचे उत्तर म्हणून लिहून मोकळे झालो.

याला अपवाद ठरले ते जैवसांख्यिकी व साथरोगशास्त्राचे तास. तेथील प्राध्यापकांनी व्याख्या न सांगता फळ्यावर चार चौकोन आखले आणि हजार लोकांचे एक गाव घेतले. आजार फक्त दहा जणांना आहे. चाचणीची संवेदनशीलता 90 टक्के आणि विशिष्टताही 90 टक्के. म्हणजे आजारी दहांपैकी नऊ जण चाचणीत सापडतील, पण निरोगी 990 जणांपैकी 99 जणही पॉझिटिव्ह ठरतील. एकूण पॉझिटिव्ह 108 आणि त्यांतले खरे आजारी नऊ, म्हणजे जेमतेम आठ टक्के. मग तीच चाचणी त्यांनी आजारी माणसे हजारात तीनशे आहेत अशा ठिकाणी लावून दाखवली: 340 पॉझिटिव्हपैकी 270 खरे, म्हणजे 79 टक्के. चाचणी तीच, यंत्र तेच, आणि अहवालाचा अर्थ मात्र पार बदललेला. सरसकट तपासणीच्या शिबिरात पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला त्याच दिवशी आजारी ठरवून घाबरवू नये, हे मी त्या तासात शिकलो, आणि मेडिसिनच्या वॉर्डात ते मला कुणी इतक्या नेमकेपणाने शिकवले नसते. असा एक शिक्षक विभागात असेल, तर बाकीच्या कंटाळवाण्या तासांची भरपाई होते, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

विभागाचे संग्रहालय हा प्रत्येक महाविद्यालयातला ठरलेला भाग. काचेच्या कपाटात डासांचे नमुने, संडासाच्या प्रतिकृती, आहाराचे तक्ते आणि प्रात्यक्षिक परीक्षेत हमखास येणारे, पाणी शुद्ध करायला ब्लिचिंग पावडर किती लागेल हे काढण्याचे हॉरॉक्सचे उपकरण. सहा पांढरे कप, आतून खूण असलेला एक काळा कप, सपाट भरल्यावर दोन ग्रॅम विरंजक चूर्ण (म्हणजे ब्लिचिंग पावडर) मावेल असे चमचे, ढवळायच्या काचेच्या कांड्या आणि स्टार्च आयोडाइडचे द्रावण. ज्या कपात प्रथम निळा रंग दिसेल त्याच्या क्रमांकाला दोनने गुणायचे, की 455 लिटर पाण्यासाठी लागणारे चूर्ण ग्रॅममध्ये मिळते. तिसरा कप निळा झाला तर सहा ग्रॅम. तोंडी परीक्षेत हे सगळे आम्ही घडाघडा सांगितले. प्रत्यक्ष पाण्यात चूर्ण टाकून रंग पाहण्याची संधी मात्र फार थोड्यांना मिळाली, कारण आमच्याकडे उपकरण एकच होते आणि बॅच मोठी होती.

खरे शिक्षण झाले ते ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रातील पोस्टिंगमध्ये. ज्या चूर्णाला आम्ही संग्रहालयात ब्लिचिंग पावडर म्हणत होतो, तेच ग्रामपंचायतीत टीसीएल या नावाने ओळखले जाते, आणि ते ज्या जागी ठेवलेले असते ती जागा पाहिल्यावर पाठ्यपुस्तकातील एक वाक्य जिवंत होते. ताज्या चूर्णात सुमारे 33 टक्के क्लोरिन उपलब्ध असतो. पण पोते उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले, की तो उडून जातो आणि उरते ती नुसती चुनखडी. आमच्या बॅचने गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकासोबत विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजली, पाणी किती लिटर आहे ते काढले, हजार लिटरला अडीच ग्रॅम या ठोकताळ्याने पावडर तोलली, बादलीत कालवून गाळ खाली बसू दिला, वरचे द्रावण विहिरीत सोडले आणि तासाभराने पाणी तपासले. लिटरला 0.5 मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरायला हवा होता, उरला नाही. मग पोते पाहिले. ते पावसाळ्याच्या आधीचे होते आणि तोंड सुतळीने नावापुरते बांधलेले होते. पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षिततेसाठी गावाला लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळते, यामागे पावडरच्या साठवणुकीसारख्या साध्या गोष्टी असतात, हे त्या सकाळनंतर आम्हाला पुन्हा वाचावे लागले नाही.

लसीकरण सत्राचेही तसेच. आयएलआरमधले, म्हणजे लशी ठेवायच्या फ्रिजमधले, तापमान 2 ते 8 अंशांच्या दरम्यान राखायचे, हे सर्वांना माहीत असते. पण सुट्टीच्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ त्याची नोंद करणाऱ्या सिस्टर आणि वीज गेल्यावर झाकण न उघडण्याची त्यांची शिस्त पाहिल्याशिवाय शीतसाखळी म्हणजे काय, हे कळत नाही.

2021–22 च्या प्रवेशापासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमात आणला. पहिल्या टप्प्यात 27, दुसऱ्यात 30 आणि तिसऱ्यात 21 असे 78 तास विद्यार्थ्याने ठरलेल्या कुटुंबांसोबत घालवायचे. कल्पना उत्तम आहे आणि महाराष्ट्राला ती नवीही नाही; सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे 1969 मध्ये सुरू झालेल्या देशातील पहिल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, पहिल्या वर्षाचे विद्यार्थी गावात मुक्कामी शिबिर करतात आणि तिथल्या कुटुंबांशी जोडले जातात, ही जुनी परंपरा आहे. मुक्काम हा त्यातला कळीचा शब्द. माझ्या केंद्राच्या हद्दीत ज्या महाविद्यालयाचे विद्यार्थी येतात, त्यांची बस अकराच्या सुमारास पोचते आणि जेवणाच्या वेळेआधी परत निघते. ऐन कापूस वेचणीत त्या वेळी घरी कोण असणार? म्हातारी माणसे आणि लहान मुले. विद्यार्थी रक्तदाब मोजतात, वजन घेतात, फॉर्म भरतात, मोबाइलवर फोटो काढतात. एका आजीबाईंनी माझ्यासमोरच त्यांना विचारले, “मागल्या खेपेला लिहून नेलं, त्याचं काय झालं?” मुले एकमेकांकडे पाहू लागली. दोष मुलांचा नव्हता. आजीबाईंचा वाढलेला रक्तदाब आमच्या केंद्रापर्यंत पोचवण्याची कोणतीही व्यवस्था त्यांच्या विभागाने केलेली नव्हती. तो फॉर्म जर्नलला टाचला गेला होता आणि जर्नल तपासून सहीही झाली होती.

तेव्हा महाविद्यालय निवडताना तिथल्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना काही साधे प्रश्न विचारावेत. प्रशिक्षण केंद्रात राहण्याची सोय आहे का, की रोज बसने नेऊन आणतात? प्राध्यापक स्वतः गावात येतात का? दत्तक कुटुंबात कुणी आजारी सापडले तर पुढे कुणाला कळवतात? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनेत विभागाकडून दरवर्षी मुलांचे प्रस्ताव जातात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विशेष बोलके असते, कारण पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतःचा संशोधन प्रश्न मांडून नमुन्याचा आकार काढायला बसवणे हे शिक्षकाचा वेळ खाणारे काम आहे.

इंटर्नशिपबद्दल मी फारसे चांगले लिहू शकत नाही. 2021 च्या नियमांनी त्यात कम्युनिटी मेडिसिनला 12 आठवडे दिले आहेत, जे इतर कोणत्याही विषयापेक्षा जास्त आहेत. पण बहुतेक ठिकाणी हे आठवडे पीजी प्रवेश परीक्षेच्या तयारीचे मानले जातात आणि हजेरीच्या वहीवर सह्या करून मुले वाचनालयात जाऊन बसतात. माझ्याकडे आलेल्या इंटर्नपैकी जे थांबले, त्यांना मी आयएचआयपी या सरकारी पोर्टलवर रोजची साथरोगाची नोंद भरायला बसवतो आणि एखाद्या उपकेंद्रातून अतिसाराच्या नोंदी अचानक वाढल्या, तर त्याच दिवशी आशाताईंसोबत गावात पाठवतो. पाणी कुठून भरता, हा प्रश्न पहिल्या घरात विचारायला त्यांना संकोच वाटतो. चौथ्या-पाचव्या घरापर्यंत ते पाइपलाइनची गळती कुठे आहे हे स्वतःच शोधू लागतात.