घरच्या सरपणासाठी ५ टनी इलेक्ट्रिक लॉग स्प्लिटर: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

आडवं, जमिनीलगत बसणारं, सिंगल फेजवर चालणारं, १५०० वॅटची मोटर आणि ५ टन दाब असलेलं हे लाकूड फोडायचं यंत्र. रोज चूल आणि पाण्याचा बंब पेटणाऱ्या कोकणातल्या घरात, लाकूड फोडायला माणूस वेळेवर मिळत नसेल तर ते उपयोगाचं आहे, यात शंका नाही. पण घेताना लोक टनांचा आकडा विचारतात. प्रत्यक्षात काम अडतं ते लाकडाच्या लांबीवर आणि घरातल्या व्होल्टेजवर.

आधी लांबीचं बघू. ओंडका जास्तीत जास्त ५२ सेंमी लांब चालतो, पण ओंडका समोरच्या स्थिर पाचरीवर ढकलणारा दांडा पुढे येतो जेमतेम ३७-३८ सेंमी. म्हणजे दांडा पूर्ण पुढे आला तरी पाचरीपर्यंत १४-१५ सेंमी जागा उरते. ४५ सेंमीच्या ओंडक्यात पाचर ३० सेंमी आत शिरते आणि तो फुटतोच. ३० सेंमीच्या ओंडक्यात ती निम्म्यापर्यंतच जाते. सरळ शिरांचं लाकूड तेवढ्यानेही उकलतं, चिवट लाकूड मात्र तंतूंना लोंबकळत राहतं आणि शेवटी कोयता घ्यावा लागतो. बंबाच्या नळीत घालायला वीतभर तुकडे लागतात, म्हणून बरेच जण आधी आखूड कापून मग फोडायला जातात. तेवढ्या तुकड्यापर्यंत दांडा धड पोचतही नाही. उलट क्रम ठेवा: ४०-४५ सेंमीचे ओंडके बारीक फोडायचे आणि मग त्या चिरफळ्या आडव्या कापायच्या.

ओंडक्याची दोन्ही टोकं काटकोनात कापलेली हवीत. तिरकं टोक असलं की दाब एका बाजूला जातो आणि ओंडका पाचरीवरून उसळतो. करवतीवर नीट लक्ष दिलं की यंत्राच्या निम्म्या तक्रारी संपतात.

लाकडांपैकी आकेशिया सगळ्यांत सुखाचं. सुरूचं लाकूड ओलं असतानाच फोडून घ्यावं, वाळल्यावर ते दगडासारखं होतं. आंब्याच्या शिरा पिळलेल्या असतात, त्यामुळे वेळ लागतो. काजूच्या वाकड्या फांद्या बैठकीवर नीट बसतच नाहीत, त्या सरळ चुलीसाठी ठेवाव्यात. माडाचं खोड या यंत्रात घालूच नये: पाचर रुतते, तंतू दबतात, फुटत काहीच नाही. जुन्या वाशांत खिळे राहिलेले असतात, ते आधी काढा.

२० सेंमीपेक्षा जाड ओंडका मधोमध फोडायच्या फंदात पडू नका. कडेने एकेक फळी सोलत आत जा. टोकाला वाळून तडा गेला असेल तर ओंडका फिरवून तो तडा पाचरीच्या रेषेत आणायचा. गाठीच्या मधून पाचर घालायची नाही, बाजूने घालायची. ५ सेकंद दाब देऊनही हलत नसेल तर लिव्हर सोडा. तसंच रेटत राहिलं की दाब देणारं तेल तापतं आणि ते अडवणारं रबरी सील जातं. ओंडका पाचरीत अडकला तर घण मारू नये. दांडा मागे घेऊन ओंडक्याखाली उतरतं कापलेलं लाकूड सरकवायचं आणि पुन्हा ढकलायचं, म्हणजे तो वर उचलला जाऊन सुटतो.

आता वीज. १५०० वॅट म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर, पण सुरू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. १६ अँपिअरचा सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि २.५ चौरस मिमीची, १० मीटरच्या आतली केबल हवी. टेबलफॅनची एक्स्टेन्शन वापरलीत तर मोटर नुसती घुमते आणि जळते. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं तेव्हाही हेच होतं, म्हणून काम सकाळी करा. नावपट्टीवर ‘एस-६ ४० टक्के’ असेल तर त्याचा अर्थ दर १० मिनिटांत ४ मिनिटं भार, बाकी वेळ रिकामं फिरणं. ओंडके लावण्या-उचलण्यात तेवढी विश्रांती आपोआप मिळते. दोघेजण भराभर द्यायला लागले तर मिळत नाही.

हे यंत्र एकट्यानेच चालवायचं आहे. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने लिव्हर, हे बोटं वाचवण्यासाठीच आहे. लिव्हर सुतळीने बांधून ठेवणारे लोक पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. पाचर शिरांना आडवी लागेल असा ओंडका घालूनही फोडू नये, फुटलेला तुकडा अंगावर येतो. जमिनीवर ठेवून वाकून काम केलं तर कंबर धरते. जांभ्या चिऱ्यांचे दोन थर रचून त्यावर सपाट बसवलं की उंची बरोबर येते.

सगळ्यांत स्वस्तात होणारं आणि सगळ्यांत महागात पडणारं नुकसान म्हणजे हवा सोडायचा स्क्रू. काम सुरू करण्यापूर्वी तो दोन-तीन आटे सैल करायचा, संपल्यावर घट्ट करायचा. सैल केला नाही तर टाकीत कोंडलेली हवा दरवेळी दाबली जाते आणि सील उडतं. घट्ट केला नाही तर यंत्र हलवताना तेल सांडतं. स्क्रूशेजारी लाल रंगाचा ठिपका काढून ठेवा, दुसरा कोणी चालवायला आला तरी दिसतो.

तेल दर १५० तासांनी बदलायचं. दांडा पूर्ण मागे, विजेचा प्लग काढलेला. तेलकाडीचा बोल्ट सोडून यंत्र कलतं करायचं, खाली ४ लिटरचं भांडं. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच हायड्रॉलिक तेल काडीच्या दोन खुणांच्या मध्ये येईल इतकं भरायचं आणि दोन-चार वेळा रिकामं चालवायचं. ब्रेक ऑइल कधीच नाही, त्याने रबरी सील फुगतात.

पावसाळ्यात दांड्यावर गंज धरला तर तोच गंज पुढे सील खरवडतो. म्हणून आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं सरपण मेअखेर फोडून झालं की दांडा पूर्ण आत घ्या, सरकती बैठक आणि पाचर पुसून ग्रीस लावा आणि यंत्र मांगरात फळीवर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत दमट होतं. वायर मात्र वेटोळं करून उंच टांगा, उंदीर आधी तिच्यावरच येतात.