सोया लेसिथिन घ्यावं की अंडं खावं?

फॉस्फोलिपिडसाठी (पेशींच्या आवरणात असतो तो चरबीचा प्रकार) लेसिथिनचे, म्हणजे सोयातून काढलेल्या फॉस्फोलिपिडच्या मिश्रणाचे, ग्रॅन्युल्स बरे की अंडी, मी दोन्ही भरपूर वापरलंय म्हणून लिहितो.

लेसिथिन जसंच्या तसं पेशींपर्यंत पोचतं असं सांगून विकतात, ते काही खरं नाही. सोया असो नाहीतर बलक, लहान आतड्यात स्वादुपिंडातलं फॉस्फोलायपेज ए२ हे एन्झाइम त्याचं एक फॅटी ॲसिड तोडतं, उरलेलं लायसो-लेसिथिन आतड्याच्या पेशी आत घेतात, बऱ्याचशाला तिथंच परत फॅटी ॲसिड जोडलं जातं आणि ते कायलोमायक्रॉनच्या (चरबी वाहून नेणारा सूक्ष्म कण) बाहेरच्या थरात बसून लिम्फमधून रक्तात येतं. मग आतलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे साधी चरबी, खर्च होऊन कायलोमायक्रॉन आकसला की तो जास्तीचा थर एचडीएलकडे (ज्याला ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात) जातो. झिरेनबर्ग आणि ग्रंडी यांनी १९८२ मध्ये माणसांना, माग काढता येईल अशी खूण (लेबल) लावलेलं लेसिथिन देऊन बघितलं, ९० टक्क्यांहून जास्त शोषलं गेलं. त्यामुळे शोषणावरून भांडण्यात अर्थ नाही, दोन्ही नीट शोषले जातात.

फरक कोलीनचा, शरीराला लागणाऱ्या एका पोषकद्रव्याचा. बलकाच्या फॉस्फोलिपिडमध्ये फॉस्फॅटिडिलकोलीन (ज्यात कोलीन असतं तो फॉस्फोलिपिड) साधारण ७० टक्क्यांच्या वर, ग्रॅन्युल्समध्ये मात्र पाव हिस्सा धरा. सोयात लिनोलेइक ॲसिड (शरीराला बाहेरूनच मिळवावं लागणारं फॅटी ॲसिड) जास्त, एवढं त्याच्या बाजूने.

पण माझा निर्णय झाला तो ग्रॅन्युल्सच्या चिकटपणावरून. पाण्यात टाकले की वर तरंगतात, ढवळले की चमच्याला आणि ग्लासला धरतात, चावले तर दाढेत बसतात ते दुपारपर्यंत, आणि पावसाळ्यात तर डबा उघडा राहिला की आत सरळ गोळाच होतो, चमचा घुसत नाही. त्यात आमच्याकडे श्रावणात अंडं बंद, म्हणजे लेसिथिनची खरी गरज असते तेव्हाच हवा सगळ्यात दमट. दरवर्षी अर्धा डबा फेकायचा हे मनाला पटत नाही. अंडं उकडलं, खाल्लं, विषय संपला.

तरी प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. एका अंड्यात २०० मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं, तेव्हा एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढलेलं असेल किंवा डायबेटिस असेल तर किती अंडी चालतील ते आधी डॉक्टरांना विचारा. घरात अंडं चालतच नसेल तर लेसिथिन घ्या, पण लहान डबा घ्या, फ्रिजमध्ये घट्ट झाकून ठेवा आणि रात्रीच थोड्या पाण्यात भिजत घाला, सकाळी ताकात बऱ्यापैकी मिसळतं.